चावी कोणाच्या हातात?



मागच्या रविवारी काशीमीऱ्याच्या आमच्या वस्तीत वंदना आटोपून आम्ही चहा घेत बसलो होतो. नववीतली एक मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, युनोत १९३ देश आहेत. मग कायमची खुर्ची पाचच देशांना का?" आम्ही बी.कॉम. झालेले, ऑफिसात आकडेमोड करणारे. पण या सरळ हिशेबाने आम्हीही क्षणभर गप्प झालो. तिला जे उत्तर दिले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

आम्ही पूर्वी राहत होतो त्या चाळीत पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी पाच खोल्यांकडे असे. कारण काय, तर चाळ उभी राहिली तेव्हा ते आधी आले. पुढे खोल्या वाढल्या, माणसे चौपट झाली, पण चावी त्यांच्याकडेच राहिली. मीटिंगला सर्वांना बोलावीत, सर्वांचे ऐकूनही घेत. पण पाचांपैकी एकाने मान हलवली नाही, की ठराव बारगळला!

युनोच्या सुरक्षा परिषदेचे असेच आहे. दुसरे महायुद्ध संपले त्या १९४५ साली युनो स्थापन झाली. अमेरिका, रशिया (तेव्हाचा सोव्हिएत संघ), ब्रिटन, फ्रान्स आणि चीन यांनी कायमच्या खुर्च्या घेतल्या आणि सोबत नकाराधिकार, म्हणजे व्हेटो. पंधरापैकी चौदा देश 'हो' म्हणाले तरी या पाचांतला एक 'नाही' म्हणाला, की महत्त्वाचा ठराव पडतो. तेव्हा युनोचे सभासद होते ५१, आज आहेत १९३. मधल्या काळात आशिया-आफ्रिकेतले कितीतरी देश गुलामीतून मोकळे झाले. बदल झाला तो एकदाच. १९६५ पासून दोन वर्षांसाठी निवडून येणाऱ्या सभासदांची संख्या सहावरून दहा झाली. कायमच्या खुर्च्या पाचाच्या पाचच! आफ्रिकेत ५४ देश आहेत, त्यांना एकही कायमची खुर्ची नाही. दक्षिण अमेरिकेला नाही. जगातला दर सहावा माणूस भारतीय, पण भारतालाही नाही.

कोणी म्हणेल, आम्हा गिरणी-कारखान्यातल्या, घरकाम करणाऱ्या माणसांना याचे काय? बंधू-भगिनींनो, १९९० साल आठवा. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले आणि सुरक्षा परिषदेने चारच दिवसांत आर्थिक नाकेबंदीचा ठराव केला. आक्रमणाला विरोध हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण कुवेतमध्ये अडकले होते आपले लाखावर कामगार. कोणी सुतार, कोणी ड्रायव्हर, कोणी स्वयंपाकी. विमानांच्या शेकडो फेऱ्या करून त्यांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे मुंबईला आणावे लागले. मागे राहिलेल्यांना धान्य पाठवायचे, तर त्यासाठीही परिषदेच्या समितीची परवानगी मागावी लागली. त्या वर्षी भारत परिषदेवर नव्हता. भाकरी आपल्या माणसाची, आणि ती पाठवू का म्हणून विचारायचे दुसऱ्यांना! ही आहे प्रतिनिधित्वाची किंमत.

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आपल्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला, की साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर खर्ची पडतात, कारण परराष्ट्र धोरणामुळे आपल्याला मित्र उरलेले नाहीत. त्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी म्हटले, की कम्युनिस्ट चीनला कायमची जागा मिळावी म्हणून झगडण्यापेक्षा भारताने स्वतःसाठी झगडावे. नोव्हेंबरात लखनौला विद्यार्थ्यांपुढेही त्यांनी हाच सवाल केला. चीनच्या कम्युनिस्ट सरकारला ती खुर्ची १९७१ साली मिळाली. भारत त्यानंतरही निवडणूक लढवून दोन-दोन वर्षांसाठी जात राहिला. २०२१-२२ ची ती आठवी खेप होती.

बाबासाहेबांना हे सुचले याचे आम्हाला नवल वाटत नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांसाठी मताचा हक्क आणि आपलेच प्रतिनिधी मागितले होते. आपले दुःख दुसरा कोणी आपल्या वतीने नीट मांडू शकत नाही, हा त्यामागचा विचार. देशात जे खरे, तेच जगातही खरे.

युनोच्या शांतिसेनेत भारताने आजवर अडीच लाखांहून अधिक सैनिक पाठवले आणि दीडशेहून अधिक जवानांनी प्राण दिले. हंडे वाहणारे एक आणि चावी फिरवणारे दुसरेच!

मग हे बदलत का नाही? नियमच तसा आहे. युनोची सनद बदलायला दोन-तृतीयांश, म्हणजे १२९ देशांची मंजुरी लागते, आणि त्यात त्या पाचही जणांची सही असावीच लागते. चावी ज्याच्या खिशात, त्याच्याच सहीशिवाय चावी काढता येत नाही. शिवाय मागणाऱ्यांतही एकी नाही. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील एकत्र आले, तर पाकिस्तान, इटली यांसारखे शेजारी-पाजारी आडवे आले. आफ्रिकेने २००५ साली दोन कायमच्या जागा मागितल्या, त्याही व्हेटोसकट.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. भारताला खुर्ची मिळावी, ही मागणी न्यायाचीच आहे. पण पाचांचे सहा झाले आणि व्हेटो तसाच राहिला, तर शिडीला फक्त एक पायरी वाढेल. वरच्या पायरीवर जागा मिळाली म्हणून शिडी चांगली ठरत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? २०२२ साली रशियाने युक्रेनवर चाल केली आणि स्वतःविरुद्धचा ठराव स्वतःच पाडला. गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने वारंवार अडवले. आरोपीच न्यायाधीश झाल्यावर न्याय कसला? म्हणून भारताने खुर्ची मागताना आफ्रिकेची खुर्चीही मागावी, आणि व्हेटोला लगाम घालण्याची गोष्ट आधी बोलावी.

आमच्या चाळीत शेवटी काय झाले? बायकांनी पुढाकार घेतला. पाणी त्याच भरत, पण कमिटीत एकही बाई नव्हती. त्यांनी प्रत्येक खोलीची सही गोळा केली. दोन पावसाळे गेले, भांडणे झाली, पण अखेर चावी दरमहा पाळीपाळीने फिरू लागली. त्या पाच खोल्यांचे पाणी काही तुटले नाही!

त्या मुलीला आम्ही म्हटले, "बाळ, हा प्रश्न पुसू नकोस, वहीत तसाच ठेव." आपल्या घरातही मुलांनी असे विचारले, तर 'मोठ्यांच्या गोष्टी' म्हणून त्यांना गप्प करू नका. आणि जगाला समान हक्क मागताना आपल्या सोसायटीच्या, मंडळाच्या, विहाराच्या कमिटीत चावी कोणाकडे आहे, तेही एकदा तपासून पाहा.