लठ्ठपणावरील नवें औषध व आपलें कर्तव्य

हल्लीं घरोघरीं, आगगाडीच्या डब्यांत व लग्नसमारंभांत एका नव्या औषधाविषयीं बोलणें ऐकूं येतें. आठवड्यांतून एकदां टोंचून घेतलें असतां तें वजन उतरवितें असें म्हणतात, आणि तें खरेंही आहे. ह्या जातीचीं सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड हीं दोन औषधें २०२५ सालीं 'वेगोव्ही' व 'माउंजारो' ह्या नांवांनीं आपल्या देशांत विक्रीस आलीं. त्यांविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. एक पक्ष म्हणतो, 'ही आळशांची पळवाट होय. जिभेवर ताबा नसलेल्यांनीं ती खुशाल धरावी.' दुसरा पक्ष त्यांस जादूची कांडी समजतो. आमच्या मतें हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत. आणि पहिल्या मतानें शाळेंतील मुलांचें अधिक नुकसान होतें, म्हणून त्याचा परामर्श प्रथम घेतों.

हें औषध करितें तरी काय? आपण जेवलों म्हणजे आंतड्यांतील कांहीं पेशी जी. एल. पी.-१ नांवाचें एक द्रव्य रक्तांत सोडतात. तें स्वादुपिंडास इन्सुलिन सोडण्याची सूचना देतें, जठरांतील अन्न पुढें सरकण्याचा वेग कमी करितें, आणि मेंदूस 'आतां पुरे' असा निरोप पोंचवितें. परंतु हा निरोप्या मोठा अल्पायुषी. कांहीं मिनिटांतच तो नाहींसा होतो. १९९२ सालीं अमेरिकेंत डॉ. जॉन एंग यांस हीला मॉन्स्टर नांवाच्या वाळवंटी सरड्याच्या विषांत ह्या द्रव्याशीं साम्य असलेलें, पण पुष्कळ अधिक वेळ टिकणारें असें एक द्रव्य सांपडलें. त्यावरून तयार झालेलें औषध २००५ सालीं तेथें मधुमेहासाठीं मान्य झालें. पुढें संशोधकांनीं मानवी द्रव्याच्याच रचनेंत असे फेरफार केले, कीं त्याचा परिणाम आठवडाभर टिकावा. सेमाग्लुटाइड तें हेंच. टिर्झेपॅटाइड ह्याच्या जोडीला आंतड्यांतील आणखी एका द्रव्याचें काम करितें. तात्पर्य, हीं औषधें चरबी जाळीत नाहींत. शरीराच्याच भाषेंत तृप्तीचा निरोप मेंदूस देत राहतात.

आतां २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाकडे पाहूं. त्यांत १,९६१ प्रौढ माणसें होतीं. आहार व व्यायाम यांविषयींचा उपदेश सर्वांसच मिळाला. कोणास सेमाग्लुटाइड द्यावयाचें व कोणास औषधासारखा दिसणारा औषधहीन द्रव टोंचावयाचा, हें चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें ठरविलें होतें. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचें वजन सरासरी शेंकडा १४·९ उतरलें. नुसत्या उपदेशावर राहिलेल्यांचें शेंकडा २·४. ह्या दुसऱ्या गटाचा निग्रह पहिल्याहून कमी होता असें म्हणण्यास कांहींच आधार नाहीं. उणीव होती ती निरोपाची. पुढें औषध बंद केल्यावर एका वर्षांत उतरलेल्या वजनाचे सुमारें दोनतृतीयांश वजन परत आलें. लठ्ठपणा हा केवळ स्वभावाचा दोष असता, तर तो सुईच्या टोंकानें जाता ना, व सुई थांबतांच परतता ना.

यावर कोणी विचारतील, 'मग संयम शिकविणें व्यर्थच काय?' मुळींच नाहीं. भूक किती लागावी हें आपल्या हातीं पूर्णपणें नसलें, तरी घरांत काय आणावें, डब्यांत काय द्यावें, मुलांस झोंप व मैदान मिळावें कीं नाहीं, हें बरेंच आपल्या हातीं आहे. फरक इतकाच कीं, ह्या गोष्टी वडील मंडळींनीं करून द्यावयाच्या आहेत. त्या न करितां मुलास दोष देणें हा संयमाचा पाठ नव्हे.

आतां जादूच्या कांडीविषयीं. वजन उतरविणाऱ्या औषधांचा पूर्वेतिहास फारसा उज्ज्वल नाहीं. १९३३ पासून अमेरिकेंत डायनायट्रोफिनॉल नांवाचें द्रव्य लोक ह्या कामीं घेऊं लागले. कित्येकांस मोतीबिंदू झाले, कांहीं दगावले, व १९३८ सालीं त्यावर बंदी आली. फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपांस इजा करितें असें दिसल्यावरून १९९७ सालीं बाजारांतून काढून घ्यावें लागलें. नव्या औषधांची कसोटी अधिक कसून झाली आहे. २०२३ सालच्या एका प्रयोगांत हृदयविकार असलेल्या १७,६०४ स्थूल माणसांपैकीं सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हृदयाचा झटका, पक्षाघात व हृदयविकारानें मृत्यु हे एकंदरींत शेंकडा २० नीं कमी आढळले. हा लाभ थोर आहे. तरी मळमळ, वांति, बद्धकोष्ठ हे त्रास पुष्कळांस होतात. क्वचित् स्वादुपिंडास सूज येते, पित्ताशयांत खडे होतात. आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शिवाय औषध महाग असून बहुधा दीर्घकाल घ्यावें लागतें. म्हणून वैद्यानें तपासून दिलें तर तें औषध होय. लग्नांत सडपातळ दिसावें म्हणून घेतलें तर तें विकत घेतलेलें संकट होय.

आणि नुसत्या डोळ्यांनीं माणसाचें आरोग्य जोखूं नये, हें तर पुण्यानेंच जगास दाखविलें आहे. २००४ सालीं तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्लंडमधील स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत स्वतःचेंच उदाहरण मांडलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९·१, तर याज्ञिकांच्या शेंकडा २१·२! बारीक दिसणारा मनुष्य निरोगी असेलच असें नाहीं, हें यावरून कळेल.

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलाचें वजन वाढत असल्यास त्यास पंक्तींत सर्वांदेखत टोमणे मारूं नयेत. चांगल्या डॉक्टरांकडे न्यावें, आणि कोणाच्या सांगण्यावरून दुकानांतून परस्पर सुई आणूं नये. विद्यार्थ्यांनो, चष्मा लावणाऱ्या सोबत्यास तुम्ही आळशी म्हणत नाहीं. मग जो सोबती धांवतांना मागें राहतो त्यास 'ढोल्या' म्हणून हांक कां मारावी? त्याच्या नांवानें हांक मारा, व त्यास आपल्या खेळांत घ्या. ह्या कामास कोणत्याही औषधाची जरूर नाहीं.