जुडीच्या भावातलं कथानक

रोजच्या जगण्यावरच्या मराठी चित्रमालिका आता मोबाइलवर वाचल्या जातात. ‘यात काही घडतच नाही,’ ही त्यांच्याबद्दलची तक्रार मला मुळीच पटत नाही. टीव्हीवरच्या कटकारस्थानांनी आपली सवय बिघडवली आहे.

मंडईत बघा. मेथीची जुडी वीसला. आजी पंधरा म्हणतात, भाजीवाली मान हलवते. आजी दोन पावलं पुढे जातात, मागे वळून बघत नाहीत. चौथ्या चौकटीत हाक येते, ‘या, घ्या!’ आणि जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या पडतात. दोघींचाही मान राहिला. संघर्ष आणखी कसा असतो?

अमेरिकी चित्रकार चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका १९५० ते २००० चालली. तिच्यातल्या चार्ली ब्राऊनला ऐनवेळी ओढून घेतला जाणारा चेंडू कधीच मारता आला नाही, तरी वाचक वाट बघत राहिले. आपल्या व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांना तर शब्दही लागले नाहीत.

पुन्हा मंडईकडे वळू. पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ची. तिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. आज तिला त्यांचंच नाव आहे. तो संघर्ष मोठाच. पण पिशवी घेऊन तिथं जाणाऱ्या आजींकडे सुट्टे नाहीत, एवढ्यावरही पुढचा भाग निघतो.