आधी स्क्रीन, मग नाव
(एस. वाय. बी. ए.)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे लॅपटॉप घ्यायचा तर घरात विचारणार कोणाला? बाहेर मात्र सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणे, अ‍ॅपलशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस. दुसरा म्हणे, गेमिंगचाच घे, त्यात सगळे चालते. दुकानदार तर आकड्यांची अशी सरबत्ती करतो की आपण नुसती मान डोलवावी! माझे म्हणणे एवढेच की, पैसे मोजण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे : मला काम कोणते करायचे आहे आणि ते कुठे बसून?

माझे काम फोटोचे. सुट्टीत मी एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली राबतो. त्याच कमाईतून एक जुना कॅमेरा घेतला आणि २०२५ च्या आषाढी वारीत आजीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चाललो. दिवसभर फोटो काढायचे आणि रात्री मुक्कामी, मागून आणलेल्या गेमिंगच्या लॅपटॉपवर ते निवडून सुधारायचे, असा क्रम होता. त्या वाटेने मला तीन धडे दिले.

पहिला वजनाचा. लॅपटॉप अडीच किलोचा आणि चार्जर विटेएवढा. दिवे घाट चढताना खांदे भरून आले. दुसरा विजेचा. मुक्कामाला एक बोर्ड आणि त्याला लटकलेले वीस मोबाईल! दोन तासांत मान टाकणारी बॅटरी तिथे काय कामाची?

तिसरा धडा सर्वांत महाग पडला. जेजुरीत भंडारा उधळला जात असताना आजीचा एक सुंदर फोटो मिळाला. स्क्रीनवर तो फिका दिसला, म्हणून मी रंग वाढवत गेलो. गावी येऊन मोठी प्रिंट काढली, तर आजीचा चेहरा पिवळाजर्द! आजी म्हणाली, "आरं, मला काय कावीळ झाली हुती व्हय?" सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण तो फोटो तिला भिंतीवर लावायचा होता. दोष स्क्रीनचा होता. बऱ्याच स्वस्त स्क्रीन एसआरजीबी या प्रचलित मापातले जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवतात. मूळ फोटोत रंग पुरेसा असतो, पण आपल्याला तो दिसत नाही, आणि आपण वर आणखी ओतत बसतो.

म्हणून प्रवासात फोटोचे काम करणाऱ्याने आधी स्क्रीन पाहावी : आयपीएस आणि १०० टक्के एसआरजीबी. मग १६ जीबी रॅम, कारण अनेक पातळ लॅपटॉपांत ती नंतर वाढवता येत नाही. मग ५१२ जीबीची एसएसडी. वजन दीड किलोच्या आत आणि चार्जिंग टाइप-सीचे असावे, म्हणजे एकच चार्जर मोबाईललाही चालतो. गेमिंगच्या ग्राफिक कार्डावाचून या कामाचे फारसे अडत नाही. डार्कटेबल, रॉथेरपी ही सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात. त्यातून वाचलेल्या पैशांत एक वेगळी हार्ड डिस्क घ्यावी व फोटोंची दुसरी प्रत तिच्यात ठेवावी.

कोणी म्हणेल, एवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक ताकदीचा येतो. खरे आहे, घरी बसून काम करणाऱ्याने तोच घ्यावा. चार फोटोंपुरता मोबाईलही पुरे. पण रोजच्या तीनशे फोटोंतून रात्रीत दहा निवडायचे, तर लॅपटॉपला पर्याय नाही.

अण्णांनी उसाच्या बिलातले ५५,००० रुपये माझ्या हातावर ठेवले. त्यातूनच विहिरीची मोटर बदलायची होती, ती राहिली. अण्णा बैल घेताना दात बघतात, चार पावले चालवून बघतात. मीही पेनड्राइव्हवर आजीचा मूळ फोटो नेला आणि तीन लॅपटॉपांवर उघडायला लावला. दुकानदार कुरकुरला. पण जन्मात कधी कॉम्प्युटरला हात न लावलेले अण्णा तिसऱ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ह्यात आई आईसारखी दिसतीया." तोच घेतला. आजीचा नवा फोटो आता भिंतीवर आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशीच कोणतीतरी मोटर अडून राहिलेली असते. तेव्हा दुकानात जाताना आपला एक फोटो बरोबर न्या, आणि तो उघडून दाखवा म्हणायला लाजू नका.