टाळ वर्गातही वाजावा

आषाढी एकादशीस गावोगावच्या शाळांतून बालवारकऱ्यांच्या दिंड्या निघतात. टाळ-मृदंगाचा गजर होतो आणि द्वादशीस टाळ पुन्हा कपाटात जातात! कला ही शाळेत वर्षातून एकदाच येणारी पाहुणी असावी काय?

नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वनिरूपण व उत्तररंगात आख्यान असते. गायन आणि अभिनय यांच्याच आधारे श्रोत्यांस सिद्धांत उमगतो. वर्गातही तसेच घडावे, असे आम्हांस वाटते. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा, सहा, सहा, चार अशी २२ अक्षरे असतात. ती टाळीवर मोजताना छंद आणि बेरीज एकदमच साधतात. मनाच्या श्लोकांची चाल धरली की भुजंगप्रयाताचे चार यगण व लघुगुरू कानांतच ठसतात. झपतालाच्या १० मात्रा २-३-२-३ अशा हातावर धरल्या की विभागणी कळते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेची अध्यापनाशी सांगड घालण्याचा पुरस्कार केला आहे. मग अभ्यासक्रम पुरा कधी करावा, असे गुरुजन विचारतील. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, यासाठी निराळा तास नकोच. गणिताचा तास गणिताचाच राहील, फक्त तो मुका राहणार नाही.

पांडुरंग ही सद्‌बुद्धी सर्वांस देवो!