पंखा फिरतो का, ते आधी बघा

विरारच्या एका सोसायटीतून एप्रिलमध्ये फोन आला. "सॉफ्टनरमध्ये मीठ भरलंय, तरी गिझरला क्षार धरतोय." बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत सॉफ्टनर दुरुस्त करणं हाच माझा धंदा. जाऊन नळ पूर्ण सोडला आणि यंत्राच्या पडद्यावर पाहिलं. पाणी धो धो वाहत होतं, आकडा मात्र शून्य.

सॉफ्टनरमध्ये पाण्याच्या वाटेवर एक छोटा पंखा असतो, त्याला चुंबक. पंखा फिरला की सेन्सर फेऱ्या मोजतो, त्यावरून लिटर ठरतात. ठरलेले लिटर भरले की यंत्र पाण्याचा जडपणा काढणारं आतलं रेझिन मिठाच्या पाण्याने धुऊन घेतं. मोजणी थांबली की धुणं थांबतं आणि जड पाणी तसंच घरात जातं. बायपास केला, दाब सोडला, पंखा बाहेर काढला. कडेला वाळूचा खडा अडकलेला, पात्यांवर पांढरा थर. विनेगरमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ केला, वायरची पिन नीट बसवली. नळ सोडताच आकडा हलला. तासाभराचं काम.

त्याच आठवड्यात शनिवारी मोखाडा तालुक्यातल्या माझ्या गावी गेलो. खोडाळ्याजवळ आमचा पाडा. दारात पाइप आलाय, तोटी बसलीय, कागदावर घराला नळ मिळालाय. तोटी सोडली तर नुसती हवा. आई हंडा घेऊन विहिरीवर गेली होती. टँकर विहिरीत ओतून जातो, मग बाया शेंदत बसतात.

विरारला पाणी होतं, मोजणी बिघडली होती. इथं मोजणी पूर्ण झालीय, पाणीच नाही. पहिला बिघाड गिऱ्हाईक स्वतः फोन करून सांगतं. दुसरा कुणाला दिसतच नाही, कारण कागदावर काम झालेलं असतं.

आमच्या तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. मुंबईला पाणी मिळू नये, असं मी म्हणत नाही. पण मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या साठ्याचे आकडे पावसाळ्यात रोज छापून येतात. आमच्या तोटीचं माप कोण घेतं?

घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनने २०१९ मध्ये माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरवलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठराएक हंडे. हे तपासायला सेन्सर लागत नाही. मे महिन्यात, पाड्यातल्या सगळ्यात वरच्या घरी, तोटीखाली हंडा ठेवा आणि घड्याळ लावा. दिवसाला किती हंडे भरले ते ग्रामसभेत वाचून दाखवा. अठरा भरेपर्यंत नळाचं काम करणाऱ्या ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका.