ओहमचा नियम म्हणजे फ्यूज नव्हे

"तू इंजिनिअर ना बे? मग घाबरतो काय?" महालात, गांधीगेटजवळ मित्राने पितळी नळी पुढे केली. मेकॅनिकल मॉड. आत एक १८६५० सेल, वर कॉइल, खाली बटण. चिप नाहीच. मोह मलाही झाला. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडचे थर उपसणाऱ्याला इतकं उघडं सर्किट देखणंच वाटणार.

पण हिशेब करा. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट, कॉइल ०.१ ओहम, म्हणजे ४२ अँपिअर. बऱ्याच सेलना सतत २० सुद्धा जड जातात. चिप असती तर तिने नकार दिला असता. इथे नकार द्यायचा तुम्ही, तेही रात्री दोनला, अर्धवट झोपेत. २०१८ मध्ये फ्लोरिडात एकाचा व्हेपच्या स्फोटात जीव गेला.

"नीट वापरलं तर सेफ" हे मी ऑफिसात रोज ऐकतो, सर्व्हर पडायच्या आधी.

२०१९ च्या कायद्याने विक्रीच बंद. मग माल खोटा निघाला तर विचारणार कुणाला?

मित्र म्हणतो, समोरच्या पानठेल्यावर खर्रा घोटतात ते चालतं? नाही चालत. तोही मारतो, सावकाश.

मी त्याचा सेल काढून पाहिला. वरच्या टोकाशी वेष्टन फाटलेलं. त्याने सेलोटेप चिकटवला आणि परत आत सरकवला.