अंत्वानचे समवयस्क दालनाबाहेर का?

फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ले कात्र सां कू’ (1959) हा बालपणावरचा चित्रपट महोत्सवांतून आदराने दाखवला जातो. परंतु ज्या वयाची व्यथा त्यात आहे, त्या वयाच्या मुलांना त्या दालनात सहसा प्रवेश नसतो. परीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राविना चित्रपट दाखवण्याची सवलत महोत्सवांना मिळते, मात्र ते खेळ नोंदणीकृत प्रतिनिधींपुरते असतात आणि गोव्यात होणाऱ्या ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रतिनिधी होण्यासाठी 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रौढांच्या चित्रपटांसाठी ही अट रास्त असली, तरी अंत्वान द्वानेल या बारा-तेरा वर्षांच्या नायकाच्या समवयस्कांना त्याच्यापासून दूर ठेवणे अन्यायाचे आहे. भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील मुलांवर तर हा अन्याय दुहेरी होतो, कारण पडद्याच्या तळाशी उमटणारी भाषांतराची ओळ, म्हणजे सबटायटल, बहुधा इंग्रजीतच असते.

इंग्रजीच्या या मध्यस्थीने काय बिघडते, ते चित्रपटाच्या नावातच दिसते. इंग्रजीत त्याचे शब्दशः ‘चारशे फटके’ झाले, त्यामुळे मारहाणीची कथा असावी असा समज होतो. मूळ फ्रेंच वाक्प्रचार मात्र वांडपणाचा आहे आणि त्याला मराठीत ‘उच्छाद मांडणे’ हा जवळचा शब्दप्रयोग आयताच आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकवली जाणाऱ्या आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून नांदत असलेल्या पुण्यात, थेट फ्रेंचमधून मराठी ओळी करू शकणाऱ्या जाणकारांची वाण नसावी.

शाळा बुडवणे, खोटे बोलणे आणि चोरी यांचे वळण मुलांना लागेल, हा आक्षेप पालक घेतील आणि त्यामागची काळजी खरी आहे. पण अंत्वान पकडला जातो तो चोरलेले टंकलेखन यंत्र परत ठेवायला गेला असता, आणि पुढे सुधारगृहातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा केवळ आवाज ऐकू येतो, तर पडद्यावर दिसतो तो एकटा मुलगा, चाचरत, हात चाळवत, कधी हसत उत्तरे देणारा. त्यातली बरीचशी उत्तरे ज्यां-पिएर लेओ या बालनटाने स्वतःच्या शब्दांत दिली होती. मुलाला कोणी प्रश्न विचारून त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घेते, हे दृश्य घरापासून दूर वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांना पाहता येणे फार मोलाचे आहे. ‘फँड्री’ (2013) या मराठी चित्रपटाच्या अखेरीस त्यातल्या शाळकरी नायकाचा, जब्याचा, दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तर समुद्राशी पोहोचलेल्या अंत्वानची नजर पडद्यावर गोठते; जब्या समजू शकणाऱ्या मुलांना अंत्वान परका वाटण्याचे कारण नाही.

हा चित्रपट आंद्रे बाझां या समीक्षकाला अर्पण केलेला आहे, ज्याने किशोरवयात सुधारगृहात गेलेल्या त्रुफोला आधार दिला आणि जो कामगारांना चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवीत असे. त्याच रीतीने महोत्सवांच्या आयोजकांनी हक्कधारकांची परवानगी घेऊन, 2023 च्या कायदादुरुस्तीने निर्माण झालेल्या ‘यूए 13+’ या वर्गाचे, म्हणजे 13 वर्षांखालील मुलांसाठी पालकांचा सल्ला सुचवणारे, प्रमाणपत्र मिळवावे आणि मराठी ओळींसह एक खेळ भोरमध्ये व एक पानशेत परिसरात, शाळेच्या वेळेत ठेवावा. वाचनाचा वेग कमी असलेल्या मुलांसाठी शिक्षकांनी त्या ओळी मोठ्याने वाचाव्यात. मूकपटांच्या काळी पडद्यावरच्या पाट्या अशाच वाचून दाखवल्या जात. खेळानंतरचा पहिला तास मुलांच्या बोलण्यासाठी राखावा आणि त्या तासात प्रौढांनी केवळ ऐकावे.

— एक वाचक, आंबवडे (ता. भोर, जि. पुणे)